भामरे अण्णांच्या बरण्या

भामरे अण्णा स्वतःचे केस स्वतः कापायचे. पुढ्यात एक आरसा, मागे खुर्चीला टेकवलेला दुसरा, हातात शिवणाची कात्री. समोरून माणूस अगदी नीटनेटका. मागून बघाल तर उंदरांनी जेवण उरकल्यासारखं डोकं. एकदा न राहवून मी म्हटलं, “अण्णा, इथे जवळच आमलीत चांगला सलूनवाला आहे, जा की त्याच्याकडे.” तर म्हणाले, “कशाला? आपलं आपल्याला जमतं.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. शर्टाचं बटण तुटलं, आपलं आपल्याला जमतं. ताप आला, डॉक्टरकडे नेऊ का, नको, आपलं आपल्याला जमतं. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं, पण त्यामुळे ते तसे झाले असं मला नाही वाटत. मुळातच घडण तशी. गेल्या पावसाळ्यात शिरपूरजवळच्या त्यांच्या गावी ते झोपेतच वारले. कुणाकडे साधं पाणीसुद्धा मागितलं नाही, असं त्यांच्या भावाने फोनवर सांगितलं. मी रडले, आणि रडता रडता चिडलेसुद्धा. अहो, माणसाने काहीतरी मागावं की नाही!

तसं मागितलं होतं त्यांनी. आयुष्यात एकदा, आणि तेही माझ्याकडे. स्वतःसाठी नाही, माशांसाठी.

आम्ही मूळ नाशिकचे. नवऱ्याला इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून सिल्वासाला आलो आणि टोकरखाड्याला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला लागलो. समोरच्या दारावर पाटी होती, भा. गो. भामरे. मलाही महिन्याभरात एका धाग्याच्या फॅक्टरीत काम मिळालं, तिथल्या टेस्टिंग लॅबमध्ये. पहिल्याच दिवशी फॅक्टरीच्या मागच्या बाजूला बघते तर समोरचे शेजारी हजर. सांडपाणी साफ करायचा जो प्लांट असतो ना, ज्याला आम्ही सगळे ईटीपी म्हणतो, त्याचे अण्णा ऑपरेटर होते. घाण पाणी एका बाजूने यायचं, टाक्यांमधून फिरून दुसऱ्या बाजूने स्वच्छ होऊन निघायचं, आणि ते खरंच स्वच्छ आहे हे साहेबलोकांना दाखवायला शेवटच्या टाकीशेजारी काचेच्या पेटीत मासे ठेवलेले असायचे. अण्णांचा माशांशी संबंध तिथून सुरू झाला.

नवीन शेजार म्हणून होळीला मी दोन पुरणपोळ्या आणि वाटीभर कटाची आमटी घेऊन गेले. अण्णांनी दार अर्धंच उघडलं. “स्वयंपाक झालाय माझा,” म्हणाले, अगदी नम्रपणे, आणि दार लावून घेतलं. मी ताट हातात घेऊन जिन्यात उभी! नवरा म्हणाला, माणूसघाणा दिसतोय. पण तसं नव्हतं. दोनच दिवसांनी आमचा मोरीतला नळ गळायला लागला तर न बोलावता पाना घेऊन आले, वायसर बदललं, आणि चहा टाकेपर्यंत पसारसुद्धा झाले. द्यायला पहिले, घ्यायला कधीच नाहीत. अशा माणसाचा फार राग येतो बघा. आपल्याला कायमचं उपकारात ठेवून मोकळे.

खिशात पेन असतं ना, तसा त्यांच्या खिशात थर्मामीटर असायचा. तो कशातही बुडवायचे. फॅक्टरीच्या कँटीनमध्ये स्वतःच्या चहात बुडवायचे आणि जाहीर करायचे, “बहात्तर. अजून पाच मिनिटं.” मग साठ झालं की प्यायचे. आमच्या लॅबमधली रमिला त्यांना तोंडावर ‘ताववाले’, म्हणजे तापवाले, म्हणायची. रमिला जवळच्या किलवणी गावची. साफसफाई, धाग्याची बोबिनं लावणं-काढणं हे तिचं काम, पण लॅब खरी तीच चालवायची. तिने काही म्हटलं तरी अण्णा नुसते हसायचे.

आता मासे. एक दिवस रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आमच्या दोन्ही गॅलऱ्या लागून, मध्ये नुसती जाळी. बघते तर अण्णांच्या गॅलरीत, ओल्या पोत्यावर, बोटभर लांबीचा तपकिरी मासा पडलेला. मी ओरडले, “अण्णा, तुमचा मासा मेला!”

अण्णा बाहेर आले, वाकले, माशाकडे पाहिलं. “जित्ता शे हाऊ,” म्हणाले. गडबडीत किंवा आनंदात असले की त्यांच्या तोंडात अहिराणी यायची, एरवी आमच्यासारखंच बोलायचे. आणि खरंच, बोट लावलं तशी त्या माशाने टुणकन उडी मारली. मी केवढ्याने किंचाळले! अण्णांनी शांतपणे त्याला ओंजळीत उचलून बरणीत सोडलं. “यांचं असंच असतं. खेकड्याच्या बिळात राहणारी जात. पाणी आटलं, नाहीतर आवडेनासं झालं, की बाहेर येतात. ओलावा असला तर महिनाभरसुद्धा राहतील.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. भिंतीला लावलेल्या मांडणीवर बरण्याच बरण्या. लोणच्याच्या, मधाच्या, कॉफीच्या, धुऊन लख्ख केलेल्या. प्रत्येकीत एकच मासा, वर मच्छरदाणीची जाळी रबराने बांधलेली. पाण्यात खडेमीठ मोजून टाकलेलं, कारण हे मासे अमेरिकेकडच्या खारफुटीतले. मुंबईचा एक हौशी माणूस परदेशी जाताना ते अण्णांना देऊन गेला होता. इथल्या नदीनाल्यात हे कधी सोडायचे नाहीत, परक्या जातीने घात होतो, हे त्यांनी मला त्याच बैठकीत दोनदा बजावलं.

“एकेकटे का ठेवलेत बिचारे?” मी विचारलं.

“भांडतात. आणि जोडीदार लागतच नाही यांना. प्रत्येक मासा आईही तोच आणि बापही तोच. स्वतःचं अंडं स्वतःच फळवतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हे फार म्हणजे फारच दुर्मिळ, ताई.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, बरण्यांकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुमचेच भाऊबंद म्हणा की. आपलं आपल्याला जमतं!”

अण्णा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तेव्हापासून आमची गट्टी जमली. चहा मात्र त्यानंतरही घेतला नाही.

बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, काहींवर ‘अ’, काहींवर ‘ब’. मला समजावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं. मुंबईच्या माणसाने दोनच मासे दिले होते, दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवरचे. त्या दोघांची दोन घराणी झाली. पिढ्यान् पिढ्या स्वतःच स्वतःचं चाललेलं, त्यामुळे ‘अ’ घराण्यातले सगळे मासे आतून बाहेरून एकसारखे. ‘ब’चंही तेच. नुसते दिसायला सारखे नव्हेत, एकूण एक गोष्टीत सारखे. ‘अ’ला उन्हाळ्याचं काही वाटायचं नाही, सिल्वासाच्या मे महिन्यातही पोटभर खायचे. ‘ब’ मात्र ऊन तापलं की सगळेच्या सगळे अन्न सोडायचे, आणि दर वर्षी त्यातले दोन-चार जायचे.

“सोय आहे की मग,” मी म्हटलं. “एकाला कळलं की सगळ्यांना कळलं.”

“सोय आहे,” अण्णा म्हणाले. “जोवर बरं चाललंय तोवर.”

ते बरं चाललं श्रावणापर्यंत. एक दिवस कामावरून परत येते तर अण्णांचं दार सताड उघडं. ते कधीच उघडं नसायचं. आत अण्णा खाली बसलेले, समोर चौदा बरण्या. ‘अ’ घराण्याच्या माशांच्या अंगावर बारीक सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसत होतं. माशांचा एक रोग असतो, म्हणाले, एकाला झाला की पाण्यातून दुसऱ्याला. पण बरण्या तर वेगवेगळ्या? त्यांनी हातातला ड्रॉपर दाखवला. तळाची घाण काढायला एकच ड्रॉपर ते सगळ्या बरण्यांत फिरवत आले होते. वर्षानुवर्षं. फॅक्टरीत एका टाकीची बादली दुसऱ्या टाकीत बुडवली म्हणून लोकांवर खेकसणारा माणूस! घरी मात्र ते विसरले होते, किंवा एकट्याच्या राज्यात कोण विचारतंय असं वाटलं असेल.

औषध केलं, पाणी बदललं, मीठ वाढवलं. आठवड्यात तेराच्या तेरा मासे गेले. हो, चौदा बरण्या होत्या पण मासे तेराच. एक बरणी आधीपासूनच रिकामी होती, मासा केव्हा उडी मारून गेला त्याचा पत्ता नव्हता. सगळे एकाच पद्धतीने गेले. आधी खाणं बंद, तिसऱ्या दिवशी एका अंगावर, चौथ्या दिवशी खेळ खलास. शेजारच्या ‘ब’च्या बरण्यांतही तोच ड्रॉपर फिरला होता, पण ‘ब’ला काही म्हणजे काही झालं नाही.

“सगळ्यांच्या दाराला एकच कुलूप होतं ना,” अण्णा म्हणाले. “चोराला एक किल्ली सापडली, की तेरा घरं उघडली.” एवढं बोलून ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. नळाच्या आवाजाने काय झाकायचं होतं ते मला कळलं.

चौदावा मासा मलाच सापडला. पंधरा दिवसांनी माझी तुळस सुकायला लागली म्हणून कुंडीतला नारळाचा काथ्या उकरला, तर आत ओलसर गारव्यात हे महाराज! मधली जाळी खाली तुटलेली होती, तिथून आले असणार. पाण्यातच नव्हते, म्हणून रोगातून वाचले. मी त्याला वाटीत घातलं आणि अनवाणीच समोर धावले. अण्णांनी वाटीत डोकावलं आणि खालीच बसले. “माय वं!” एवढंच म्हणाले.

‘अ’ घराण्यातला हा एकच, आणि तोही म्हातारा. आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण सगळा जीव त्यात अडकला होता. हा एकटा अंडी घालेल, पुन्हा तसेच चौदा होतील, आणि पुढच्या रोगाला पुन्हा चौदाच्या चौदा जातील. ‘ब’ तर उन्हाळ्यागणिक रोडावत होतेच. दोघांचं मिळून एक घराणं झालं, तर कुणीतरी असा निपजेल की ज्याला रोगही बाधणार नाही आणि ऊनही. पण स्वतःच आई आणि स्वतःच बाप असलेल्या दोघांचं एकमेकांशी लग्न लागत नाही. त्यासाठी नर लागतो. आणि या जातीत नर जवळजवळ नसतोच.

“जवळजवळ म्हणजे?”

“अंडी थंडीत ठेवली, वीस डिग्रीच्या आत, तर त्यातून नर निघतात. जिथे नर जास्त, तिथले मासे एकाहून एक निराळे असतात असं वाचलंय मी. आपल्याकडे नरच नाही, मग निराळेपण कुठून येणार?”

भाद्रपदातलं सिल्वासा तुम्हाला माहीत नसेल. पाऊस ओसरतो आणि माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा होतो. अण्णांनी त्यांच्या पद्धतीने सगळं एकट्याने करून पाहिलं. ‘ब’ची अंडी माठात ठेवली, थर्मामीटर म्हणाला पंचवीस. माठाला ओलं पोतं गुंडाळलं, चोवीस. फ्रिजमध्ये ठेवली तर गारठून पांढरी पडली. डिसेंबरपर्यंत थांबावं तर दुपारी ऊन तापतंच, आणि म्हाताऱ्याचा काय भरवसा!

एका संध्याकाळी आमच्या दाराबाहेर पावलं वाजत होती. वाजायची, थांबायची. नवरा म्हणाला, बघ गं कोण आहे. दार उघडलं तर अण्णा. हात बेलपर्यंत गेलेला, पण बेल दाबलेली नाही. घामाने शर्ट भिजलेला.

“ताई,” म्हणाले, आणि थांबले. “तुमच्या लॅबमध्ये वीस डिग्री असतं ना?”

असतं. धाग्याची ताकद मोजायची तर हवा एकसारखी लागते. वीस डिग्री, दमटपणाही ठरलेला, दिवसरात्र, रविवारीसुद्धा. बाहेर डांबर वितळत असलं तरी आम्ही आत स्वेटर घालून बसतो. मला एका क्षणात कळलं ते काय मागतायत, पण मी मुद्दामच गप्प राहिले. दुष्टपणा म्हणा हवं तर. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“एक बाटली ठेवाल का? मला... मला एकट्याला नाही जमत हे.”

मी म्हटलं, “आत या आधी. चहा घ्या.” आणि अण्णांनी चहा घेतला. थर्मामीटर न बुडवता घेतला, जीभ भाजली, तरी पूर्ण प्यायले.

तर दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीतून ‘ब’ची अकरा अंडी फॅक्टरीत गेली. खसखशीपेक्षा जरा मोठी, काचेसारखी, आत दोन काळे ठिपके, ते डोळे. लॅबमधली सगळ्यात थंड जागा कुठली हे रमिलाला पक्कं माहीत होतं, कारण तिथे बोबिनं लावताना तिची पाठ धरायची. एसीच्या झोताखालचं लोखंडी कपाट. तिथे अण्णांच्या थर्मामीटरने अठरा दाखवलं. बाटली कपाटात गेली. अण्णांना लॅबमध्ये यायची परवानगी नव्हती, म्हणून ते रोज जेवणाच्या सुट्टीत दाराच्या काचेतून बघायचे आणि मी बोटांनी आकडा दाखवायचे. अठरा. एकोणीस. अठरा.

तीन आठवडे असे गेले. मग एका सोमवारी लॅबमध्ये पाय ठेवला आणि अंगाला गरम वाफ लागली. एसी बंद! रविवारी सकाळपासून दुरुस्तीला काढलेला, मला कुणी कळवलंच नव्हतं. भिंतीवरचा काटा अठ्ठावीसवर. अण्णांनी सांगितलं होतं, शेवटचे दिवस महत्त्वाचे, तेव्हाच काय ते ठरतं. मी कपाट उघडलं आणि बघते तर बाटली गायब! तिच्या जागी वाया गेलेल्या धाग्याचा हा एवढा थोरला गोळा.

“रमिला! बाटली कुठाय?”

रमिला अपराधी चेहऱ्याने पुढे आली. “आतच हाय, बाय. म्याच गुंडाळली. शनवारी घरी जाताना बघितलं, पोरं किती हीवात पडलीत. जीव कळवळला. म्हटलं दोन दिस तरी उबेत राहतील.”

मी कपाळावर हात मारला. तीन आठवडे आम्ही त्या अंड्यांना थंडी मिळावी म्हणून धडपडतोय, आणि या बाईने त्यांना गोधडी घातली! मी तिला काहीबाही बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात काचेबाहेर अण्णा, एसी बंद असल्याचं कळून सकाळीच धावत आलेले. मी त्यांना सरळ हाताला धरून आत आणलं, परवानगी गेली खड्ड्यात.

अण्णांनी धाग्याचे थरावर थर उलगडले. आतली बाटली हाताला गार लागली. थर्मामीटर घातला. “वीस,” ते म्हणाले. “वीसला अजून एक काडी कमी.” मग रमिलाकडे वळले. “तू ऊब दिली नाहीस, बाई. तू बाहेरचं ऊन आत येऊ दिलं नाहीस. बर्फावर भुसा टाकतात ना, तसं केलंस.” आणि या माणसाने, ज्याने कधी कुणाची वाटीसुद्धा घेतली नव्हती, रमिलाला हात जोडले. रमिला लाजून बोबिनांच्या मागे पळाली. मी तिची माफी मागितली ती संध्याकाळी, आणि तिने दोन दिवस मला माफ केलं नाही.

हे सगळं चालू असताना मागे आमचे देसाईसाहेब येऊन उभे. वलसाडचे, कांदालसूणसुद्धा न खाणारे. “सुनंदाबेन, आ शुं छे? आ लॅब छे के मच्छीबजार?” आता नोकरी गेलीच असं मी धरून चालले. पण अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, तेरा मासे, ड्रॉपर, कुंडी, सगळं. ईटीपीवर दहा वर्षांत त्यांनी साहेबांशी जेवढं बोलणं केलं नसेल तेवढं त्या दहा मिनिटांत केलं. साहेब बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. “पूरी गुप्तता राखजो,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीपासून रोज सकाळी केबिनमध्ये जायच्या आधी कपाटाशी येऊन विचारायला लागले, “छोकरो आव्यो?”

अकरापैकी सात अंडी फुटली. पिल्लं अण्णांच्या घरी वाढली. फेब्रुवारीत त्यातल्या दोघांच्या अंगावर नारिंगी झाक आली, शेपटीवरचा काळा डाग पुसट झाला. नर! साहेबांनी सगळ्या लॅबला पेढे वाटले. कशाचे ते विचारणाऱ्यांना सांगितलं, घरी आनंद आहे.

त्यातला एक नर अण्णांनी म्हाताऱ्या ‘अ’च्या बरणीत सोडला. तो म्हातारा काही सहजासहजी ऐकणारा नव्हता. महिनाभर नुसती पाठ फिरवायचा. मग एप्रिलमध्ये पाच अंडी दिली, आणि मे महिन्यात म्हातारा गेला. पाचही अंडी फुटली. मी विचारलं, “ही जोडीची की त्याची एकट्याची?”

“सांगता येत नाही,” अण्णा म्हणाले. “जोडीची असली तरी पहिली पिढी सगळी सारखीच दिसेल. फरक कळेल तो यांच्या पोरांत. नातवंडांत. तिथे आजोबांचं आणि आजीचं निरनिराळं वाटलं जातं.”

“म्हणजे अजून वर्ष!”

“वर्ष.”

आणि अण्णांची निवृत्ती आली जूनमध्ये. गावी जायचं ठरलेलं, भावाचं घर पत्र्याचं, तिथला उन्हाळा या पिल्लांना झेपणारा नव्हता. ‘ब’चे उरलेसुरले त्या उन्हाळ्यात संपले होते. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी या पाच बरण्या घेतल्या आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. दोन माझ्याकडे. एक किलवणीला रमिलाच्या ओसरीवर. एक देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये. एक आमलीत, आमच्या नेहमीच्या किराणावाल्याकडे, गल्ल्याशेजारी. प्रत्येकाला एकेक स्वतंत्र ड्रॉपर दिला. प्रत्येकाला तेच सांगितलं, “मला सांभाळता येत नाही म्हणून तुमच्याकडे देतोय. काही अडलं तर फोन करा. मीही करीन.” परत येताना ते पुन्हा मागच्या सीटवर बसले. मला आरशात दिसत होतं, मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

फोन मात्र खरंच करायचे. दर रविवारी, चौघांनाही. रमिला फोनवर त्यांना उलट शिकवायची.

पुढच्या एप्रिलच्या शेवटी, चांगलं ऊन तापल्यावर, ते सकाळच्या बसने आले. मुद्दाम त्याच दिवसांत आले, ऊन कुणाला सोसतं ते तेव्हाच कळणार म्हणून. बरोबर पिशवी नाही, दुपारी तीनच्या बसने परत जायचं. मी माझ्या एका माशाची पिल्लं वेगवेगळी करून ठेवली होती. बारा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बारा बरण्या ओळीने. देसाईसाहेबांच्या माशाची पिल्लं निघाली होती, पण ती सगळी एकसारखी. म्हणजे ते अंडं म्हाताऱ्याचं एकट्याचं. साहेब चार दिवस तोंड पाडून होते. “साला, आपणुंज फेल?” त्यामुळे मलाही धास्ती होती. मी रोज बघत होते, मला वेगळी वाटायची, पण माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नव्हता. आईला आपली पोरं वेगळी वाटणारच.

अण्णांनी हातपाय धुतले. डासांच्या अळ्यांची वाटी घेतली आणि पहिल्या बरणीत दोन टाकल्या. मासा वर आला, गट्टम. दुसरी बरणी. मासा तळाशी, ढिम्म. हललाच नाही. तिसरी, हा वर आला पण अर्ध्यातून परतला. चौथ्याने तर अळी पडायच्या आधीच जाळीवर डोकं आपटलं. पाचव्याच्या अंगावर ठिपके जास्त. सहावा अंगाने निम्मा. वाटी त्यांनी ओट्यावर ठेवली.

“एक बी सारखा नही शे,” ते म्हणाले. माझ्याकडे वळले, चष्म्यामागून डोळे वाहत होते आणि या वेळी नळबीळ काही सोडला नाही. “ताई, एक बी सारखा नही शे!”

मीही रडले. माझा नवरा, जो बारा वर्षांत माझ्यापुढे रडलेला नाही, तो उगीचच पंखा वाढवायला उठला. रमिलाला फोन लावला तर ती पलीकडून ओरडली, “माझ्याकडचे बी येगळे हायेत, मी कवाची सांगते, कोण ऐकतंय!”

मग अण्णांनी स्टूल ओढलं आणि पहिल्या बरणीपुढे बसले. नुसते बघत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग स्टूल दुसऱ्या बरणीपुढे. इतकी वर्षं त्यांनी ‘अ’ची एक बरणी पाहिली की सगळ्या पाहिल्यासारखंच असायचं, सकाळी एकावर नजर टाकली की काम झालं. आता प्रत्येकाकडे वेगळं बघावं लागत होतं. कोण कसा खातो, कोण कुठे लपतो, कुणाला ऊन सोसतंय. कडक ऊन खिडकीतून ओट्यावर आलं होतं, त्यांच्या मागच्या वेड्यावाकड्या केसांवर पडलं होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन, आणि अण्णा अजून पाचव्याच बरणीपुढे. बसस्टँड काही जवळ नव्हतं. मी स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि म्हटलं, “अण्णा, चला, बस चुकेल.”

अण्णांनी मान वर केली नाही. “चुकू दे,” म्हणाले, आणि स्टूल पुढे सरकवलं. “अजून सात राहिलेत.”